भालचंद्राने भरलेली ट्रंक

सहासष्ट सालच्या मे महिन्यात माझी नणंद सत्यवती मुंबईहून महिनाभरासाठी माहेरी आली. तिची एकच ट्रंक होती, पण मालवणच्या बंदरात बोटीतून पडावात आणि पडावातून वाळूवर उतरवताना दोन हमाल घामाघूम झाले. मी म्हटलं, "गो, म्हयन्याक इलंस की जन्माक?" सगळे हसले. माझ्या जिभेला हाड नाही, हे सासरी सगळ्यांना ठाऊक आहे.

सत्यवतीला नवऱ्याचं कौतुक फार. भालचंद्र गोदीजवळच्या एका गोदामात पॅकर, काचसामान पेट्यांत भरायचं त्याचं काम. घरी येताच ती म्हणाली, "ट्रंक तेंनी स्वतः भरल्यानी, वयनी. माका हातसुद्धा लावूक दिल्यानी नाय. सुताएवढी जागा फुकट गेली नाय, बघ."

तिने झाकण उघडलं. खरंच, बघत राहावं असं भरलं होतं. पातळांच्या घट्ट वळकट्या उभ्या लावलेल्या, चपला कागदात गुंडाळून कडेला, बांगड्या पोलक्यांच्या बाह्यांत. वर माझ्या मुलांसाठी खाऊ. माणूस कामाचा चोख, असं मनात म्हणत मी एकेक वस्तू काढून खाटेवर ठेवू लागले.

दुसऱ्या थरात लोकरीचा स्वेटर निघाला.

"मे म्हयन्यात मालवणात थंडी पडता, ह्या तुझ्या घोवाक कोणी सांगल्यान गो?"

"पावसात लागात म्हणान घातलेलो आसतलो."

"पावसात? तू तर पावसाआधी परत जातलंस मा?"

तिने स्वेटराची घडी नीट केली. मग म्हणाली, "चाळीत चोऱ्या होतत, वयनी. घरात काय ठेवूक तेंका भीती वाटता."

स्वेटराखाली तिच्या लग्नातला शालू होता. त्याखाली तांब्याची कळशी. कळशीच्या पोटात परकर, परकरांत गुंडाळलेला आरसा. कळशीवर माझ्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं, लग्नात आम्हीच दिलेली ती. मग परात निघाली, समई निघाली, तीन वाट्या निघाल्या. सगळ्यांवर तेच नाव. कळशी कोण चोरतला, असं मी विचारणार होते, पण तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. इथून गेलेली वस्तू न् वस्तू परत आली होती, आणि भालचंद्राने तिला घेतलेलं एक पातळसुद्धा त्या ट्रंकेत नव्हतं.

अगदी तळाशी एक घडी घातलेला कागद होता. सत्यवतीला वाचता येत नाही, मला जेमतेम. पडवीत माझा नवरा सुपारी कातरत बसला होता, त्याच्या हातात मी तो दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"रेशनिंग कचेरीचो दाखलो आसा," तो म्हणाला. "सत्यवतीचा नाव मुंबयच्या कार्डावरसून कमी केल्यानी. हय गावच्या कार्डार चढवूक ह्यो कागद लागता." बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

ती दाराशी उभी होती. "तारीख काय आसा, दादा?"

"गुढीपाडव्याच्या आदल्या दिसाची."

"त्या सांजेक तेंनी माका केसांत माळूक अबोलीचो वळेसर हाडल्यानी," सत्यवती म्हणाली. "म्हणाले, खूप दमलंस, मे म्हयन्यात माहेराक जावन ये."

मला भालचंद्राचा असा संताप आला, की समोर असता तर तीच कळशी त्याच्या डोक्यात घातली असती. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मनात हेही आलं, की दोन खोल्यांच्या घरात आता हिला ठेवायची कुठे. त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

मी उठले आणि फडताळातला माझा एक खण रिकामा करायला घेतला. थोड्या वेळाने सत्यवती आत आली. खाटेवरचा शालू उचलून ती परत ट्रंकेत ठेवू लागली.

"रवांदे गो," मी म्हटलं. "तुझा सगळा हय खणात लाव."

"नको, वयनी. माझी दोन पातळां तेवढी भायर रवांदेत," ती म्हणाली. "बाकीचा आतच ठेवया. जाताना तेंच्यासारखा भरूक माका जमाचा नाय."