तिच्या कानाने जुळवलेले स्पीकर

आमच्या बाहेरच्या खोलीत दोन स्पीकर आहेत. छातीपर्यंत येतात. नवीन माणूस घरात आला की आधी त्यांना कपाटं समजतो आणि मग विचारतो, यांना दारं कुठे आहेत. बायको त्यांना जावई म्हणायची. "दोन जावई आणून बसवलेत. हलत नाहीत, कामाला हात लावत नाहीत, आणि जागा मात्र घरातली चांगली पाहिजे."

ते मी घरी बनवले. एवढे मोठे स्पीकर दुकानात आमच्यासारख्याने बघायचे असतात, घ्यायचे नसतात. एक सिनेमा थिएटर बंद पडलं तेव्हा भंगारवाल्याकडे तिथले वूफर आले. खालच्या आवाजाचे, परातीएवढे, कागद फाटलेले. त्यांच्याबरोबर वरच्या आवाजाचे दोन भोंगे होते. भंगारवाला सगळं लोखंडाच्या भावाने देत होता, म्हणून मी उचललं. फाटलेल्या कागदाला पातळ कापड आणि गोंद लावला. खोक्यांसाठी एका ऑफिसाने टाकून दिलेली टेबलं मिळाली, जाड प्लायची. आत भरायला जुन्या गादीचा कापूस. हवा जायला मागे गटाराचा पाईप बसवला. तो कोरा आहे, गटारात गेलेला नाही, हे बायकोला शपथेवर सांगावं लागलं.

वायरिंगला व्होल्टेजने मदत केली. व्होल्टेज म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. काहीही बिघडलं तरी तो आधी "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे" म्हणतो, म्हणून त्याचं नाव तेच पडलं.

आता अडचण माझ्या कानांची होती. मी जन्मभर पत्रा कापायच्या प्रेसवर काम केलं. त्या प्रेसने माझे वरचे, बारीक आवाज नेले. खालचं सगळं येतं, बोलणं येतं, ढोल येतो. पण कुकरची शिट्टी मला दिसते, ऐकू येत नाही. आणि स्पीकर बनवताना खरी मेख वरच्या आवाजातच असते. भोंगा वूफरपेक्षा फार मोठ्याने बोलतो. त्याला आवरायला वाटेत रेझिस्टर घालावा लागतो. मोठा घातला तर भोंगा दबतो, लहान घातला तर मोकाट सुटतो. किती घालायचा हे शेवटी कानानेच ठरतं.

घरात कान होता तो बायकोचा. ती लहानपणी गाणं शिकलेली. जिन्यावरची पावलं ऐकून कोण येतंय ते सांगायची. मी सगळ्यांना सांगायचो, माझे कान गेले तर गेले, हिचे आहेत ना.

संध्याकाळी ती समोरच्या खुर्चीत बसायची. मी स्पीकरमागे सोल्डरिंग घेऊन. तिच्या आवडीचं एक गाणं लावायचं आणि विचारायचं.

"कसं वाटतं?"

"अजून पडदा आहे. गाणारी दुसऱ्या खोलीत बसल्यासारखी वाटते."

मी रेझिस्टर बदलायचो.

"आता?"

"आता दारापर्यंत आली."

असं करत करत मी रेझिस्टर लहान करत गेलो. शेवटी काढूनच टाकला, भोंगा थेट जोडला. तेव्हा ती म्हणाली, "आता आली बाई समोर." मला शंका होती. व्होल्टेजला बोलावलं. त्याने गाणं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. म्हणाला, "तुमच्या खोलीत पडदे जाड आहेत, गादीचा कापूस आहे. आवाज शोषला जातो. इथे थेटच पाहिजे." मग दुकानात गिऱ्हाईक येणार आहे म्हणून चहा न घेता गेला.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेलं, आणि घरी मी एकटा आलो. त्यानंतर मी रोज संध्याकाळी ते गाणं लावायचो. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, साड्या आहेत, पण ते सगळं बाहेरचं. ती काय ऐकायची, कसं ऐकायची, ते फक्त या खोक्यांत होतं. आम्ही दोघांनी मिळून केलेली ही एकच गोष्ट. बाकी संसार काय, तो होत गेला.

गेल्या महिन्यात मेहुणी राहायला आली. बायकोची धाकटी बहीण. तिला ऐकवावं म्हणून मी गाणं लावलं. तिने दोन्ही कानांत बोटं घातली.

"भाऊजी, बंद करा हो. दात शिवशिवले माझे."

"अगं, हे तुझ्या ताईने जुळवलंय. तिच्या कानाने."

"ताईच्या? ताईला तरी कुठे ऐकू येत होतं."

एवढं बोलून ती पदराशी चाळा करायला लागली. मी आवाज बंद केला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. तुम्ही चहा घेणार का?"

"बस खाली. काय म्हणालीस?"

ती बसली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. शेवटी तरी सांगितलं असेल तिने."

मग एकेक करून बाहेर आलं. बायकोचेही वरचे आवाज गेले होते. स्पीकर बनवायला घेतले त्याच्याही आधीपासून. आमच्या मुलीने तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मशीन मिळालं होतं. ते मशीन मुलीच्या घरी, तिच्या कपाटात असायचं. बायको मुलीकडे गेली की लावायची आणि निघताना काढून ठेवायची.

मी विचारलं, "माझ्यापासून लपवायचं काय कारण?"

"तुम्ही गावभर सांगत फिरायचात ना, हिचे कान आहेत म्हणून. मग ती कोणत्या तोंडाने सांगणार?"

"म्हणजे चूक माझी."

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हणू नकोस मग."

ती दुसऱ्या दिवशी गेली. दोन दिवस जास्त राहणार होती.

मी घरात बसून मागचं सगळं आठवत राहिलो, आणि जे आठवेल त्याचा रंग बदलायला लागला. बायको मला सारखी म्हणायची, "तुम्ही पुटपुटता. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही." मला ते पटलं होतं. बहिऱ्याला आपला आवाज कसा कळणार? म्हणून मी मोठ्याने बोलायची सवय लावून घेतली. शेजाऱ्यांना वाटायचं आमच्याकडे रोज भांडण असतं. खालच्या बाईंनी एकदा बायकोला विचारलंही होतं, मारत वगैरे नाहीत ना. तेव्हा आम्ही किती हसलो होतो. आता कळतंय, ती कशाला हसत होती.

सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवायचो. पोळ्या करता करता ती ऐकायची. एक दिवस म्हणाली, "राहू द्या, तुमचे शब्द आता नीट निघत नाहीत." मी वाचणं सोडलं. फोन घेणं सोडलं. चार माणसांत बोलणं कमी केलं, उगीच लोकांना त्रास कशाला. माझे शब्द नीट निघत होते. तिला ऐकू येत नव्हतं.

संसारात लहानसहान लपवालपवी सगळेच करतात. पण आपलं व्यंग लपवायला दुसऱ्याचं व्यंग पुढे करायचं, हे मला गिळता येत नाही. आणि ज्याच्याशी भांडायचं ते माणूसच आता नाही.

भांडायला व्होल्टेज होता. त्याच्या दुकानात गेलो. तो एका मिक्सरच्या पोटात हात घालून बसला होता.

"भोंगा थेट जोडला तेव्हा तुला काय ऐकू आलं होतं?" मी विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "कोणी सांगितलं?"

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

"वहिनी दुकानात आली होती, मी तुझ्याकडे आलो त्याच्या आदल्या दिवशी. म्हणाली, काहीही ऐकू आलं तरी चांगलं म्हणा. त्यांचा माझ्या कानावर विश्वास आहे, तो मोडू नका. हात जोडले रे तिने."

"तिने हात जोडले आणि तू मला पडदे आणि कापूस सांगितलास."

"मग काय सांगणार होतो?"

"खरं. तुझा धंदा आहे तो."

"गड्या, तुझ्याकडे चहाला येणं मी बंद केलं, ते तुझ्या लक्षात आलं नाही? तू गाणं लावलंस की मला गिऱ्हाईक आठवायचं. अरे, त्या भोंग्यासमोर बसायचं म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं."

"आणि मी लोकांना बोलावून ऐकवत होतो."

"लोकही चांगलं म्हणाले ना? मग मी एकटाच कसा वाईट?"

त्याने मिक्सर बाजूला सारला. "आणि खोटं तरी कुठे आहे त्यात? तिला जसं ऐकू यायचं तसंच तिने जुळवलं."

"जसं ऐकू येत नव्हतं तसं."

त्याने खणातून दोन जाडे रेझिस्टर काढले, मीटर लावून तपासले आणि कागदात बांधून दिले. "दोन्हीकडे एकेक. संध्याकाळी येतो, लावून देतो."

"मला सोल्डरिंग येतं."

"पण बरोबर बसलं की नाही हे तुला..." तो मध्येच थांबला.

"ऐकू येणार नाही. माहीत आहे मला."

घरी येऊन मी एक स्पीकर भिंतीपासून ओढला, मागची फळी उघडली. सोल्डरिंग तापवलं. आणि तसाच बसून राहिलो. रेझिस्टर घातला किंवा नाही घातला, माझ्या कानाला दोन्ही सारखंच. बरोबर झालं हे मला पुन्हा कोणीतरी सांगायला हवं होतं. व्होल्टेज सांगेल. मेहुणी सांगेल. मुलगी सांगेल. तिघांनीही आजवर मला काय सांगितलं, ते समोरच होतं; मेहुणीच्या तोंडून खरं निघालं तेही निसटून.

मी फळी तशीच परत लावली. रेझिस्टर शर्टाच्या खिशात ठेवले आणि मुलीला फोन करून रविवारी बोलावलं.

ती आली ती रडवेली होऊनच आली. मावशीने तिला सगळं सांगितलं होतं.

"बाबा, आईने शपथ घातली होती मला."

"मला नाही सुचलं घालायला."

"असं बोलू नका ना. मी तिला किती वेळा म्हटलं, सांगून टाक. ती म्हणायची, बघू. बाहेरच्या खोलीत बसून तुम्ही दोघं ते जावई जुळवत होता, तेव्हा मी फोनवर तिच्याशी भांडले आहे."

"तिला फोनवर तुझं ऐकू यायचं?"

ती हसली आणि लगेच डोळे पुसले. "मी ओरडायचे."

"मग आपण दोघंही ओरडत होतो. फक्त का ओरडतोय ते तुला माहीत होतं."

ती माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात हातात घेतला. "चुकलं आमचं. आता काही लपवणार नाही. तुम्ही विचाराल ते खरं सांगेन."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

मला राग काढायचा नव्हता. मला एवढंच बघायचं होतं, की खरं सांगणारं एक तरी माणूस मला उरलंय का. उरलं असेल तर बाकीचं मी सोडून देणार होतो. बायकोचंही.

मी म्हटलं, "व्होल्टेजने रेझिस्टर दिलेत. तू खुर्चीत बस आणि ऐकून सांग."

ती आईच्या खुर्चीत बसली. मी तेच गाणं लावलं. मला नेहमीसारखं ऐकू आलं. खाली तबला, जमिनीतून पायाला लागणारा, आणि वर गाणारीचा आवाज, जेवढा माझ्या वाट्याला येतो तेवढा. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आलाप वर गेला तेव्हा तिचा एक डोळा बारीक झाला. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला, मग माझं लक्ष आहे हे बघून सोडला.

"कसं वाटतं?"

"छान झालंय, बाबा."

"टोचत नाही?"

"नाही. आता अगदी मऊ आहे."

"खरं सांग हं."

"खरंच सांगते. आधी त्रास व्हायचा, आता काही नाही."

रेझिस्टर अजून खिशातल्या कागदातच होते. मी ते बाहेर काढले नाहीत. "बरं झालं," म्हटलं, आणि आवाज वाढवला. ती हसत माझ्याकडे बघत होती. मी अजून वाढवला. खिडकीची काच थरथरायला लागली. बास करा, एवढं जरी ती म्हणाली असती तरी मला चाललं असतं. गाणं संपेपर्यंत ती तशीच हसत बसून राहिली.