डाव्या काखेतली गाठ

आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. डाव्या काखेत, बोराएवढी, बोटाखाली सरकणारी. दुखत नव्हती. दुखली असती तर बरं, असं तिला वाटलं, कारण तिच्या आईची गाठही दुखत नव्हती आणि आई त्यातच गेली होती.

ती पार्लरमध्ये केस कापायची. हात दिवसभर वर. रेझर लागला असेल, नवा स्प्रे बाधला असेल, अशी ती मनाची समजूत घालायची आणि गिऱ्हाईक उठलं की मोबाइल उघडायची. वाचेल तेवढी धास्ती वाढायची. नवरा ट्रकवर होता. रस्त्यावर असताना त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून त्याला काही कळवलं नाही. घरात थोरली जाऊ होती, पण स्वयंपाकघरावरून दोघींचा अबोला चालला होता.

तो जाऊबाईंनीच मोडला.

"सारखी काखेत काय चाचपतेस?"

"काही नाही."

"दाखव." जाऊबाईंनी बोट लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कधीपासून आहे? डॉक्टरीणबाई कोपऱ्यावर बसल्यात आणि तू मोबाइलला विचारतेस? काखेत कळसा अन् गावाला वळसा! चल, चपला घाल."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही काखा, छाती, मान, हाताची बोटंसुद्धा तपासली. ताप येतो का? वजन उतरलंय का? संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ड्रेस ढिले झाले होते. ती ते कामाच्या दगदगीवर ढकलत होती.

"कॅन्सर आहे ना?" तिने विचारलंच.

"असेलच असं नाही. जखम पिकली, इन्फेक्शन झालं, तरी काखेत गाठ येते. चरबीची असते, क्षयाचीही असते. कॅन्सरचीही असू शकते, खोटं कशाला सांगू? नुसतं हात लावून कळत नाही. सोनोग्राफी करू, सुईने थोडा भाग काढून तपासू."

सुई टोचताना तिने जाऊबाईंचा हात इतका आवळला की बांगडी पिचली. खरे हाल पुढे, रिपोर्टची वाट पाहताना झाले. एका गिऱ्हाइकाचे केस तिने एका बाजूला जास्तच कापले. मुलीची वेणी घालताना, आपल्यामागे हिची वेणी कोण घालेल, हा विचार आला आणि कंगवा हातातच राहिला.

रिपोर्ट क्षयाचा आला.

"कॅन्सर नाही?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं आणि तिथेच हमसून रडली. मग एकदम दचकली. "मुलीला लागेल का?"

"गाठीचा क्षय सहसा पसरत नाही. तरी छातीचा एक्स-रे काढू, घरच्यांनाही तपासू. पण गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतील. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत."

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन केला. तो आधी भडकला. मग पलीकडून नुसती इंजिनाची घरघर ऐकू येत राहिली.

गोळ्यांनी मळमळायचं. जाऊबाई समोर उभ्या राहून गिळायला लावायच्या आणि ओट्यावर सांडलेल्या पाण्यावरून भांडायच्याही. गाठ हळूहळू बसत गेली. तरीही बाथरूमचं दार लावलं की तिची बोटं आपोआप काखेत जायची, आणि हाताला काही लागत नाही याची खात्री होईपर्यंत ती श्वास रोखून उभी राहायची.