दांड्या आखूड पडल्या

दुसरी रॅकही बसेना, तेव्हा तिनं हातातला पाना हौद्यात आपटला आणि चाकाला पाठ टेकून अंगणातच बसली.

काम म्हटलं तर एवढंसं. पिकअपच्या हौद्यावर दोन आडव्या दांड्या टाकायच्या, त्यांवर कायाक ठेवायच्या, पट्ट्यांनी आवळायच्या. पण ह्या एवढ्याशा कामानं तिच्या नाकी नऊ आणले होते.

एरवी ती तरणतलावावर पोहायला शिकवायची आणि सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या तळ्यावर बायकांना कायाक चालवायला. प्लास्टिकच्या निमुळत्या होड्या त्या. एकीनं बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. होड्या तिच्या, पिकअप सासऱ्यांची. आजवर ती होड्या हौद्यात तिरक्या टाकून, मागचा फाळका उघडा ठेवून, दोरीनं बांधून न्यायची. गेल्या खेपेला वळणावर एक होडी सरकली ती थेट रस्त्यावर. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून निभावलं. तो जे बोलला ते तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "रॅक बसल्याशिवाय मी आता तळ्यावर जायची नाही."

तिथून सुरू झाली ती दुकानांची वारेमाप पायपीट, आणि प्रत्येक दुकानात सासरे बरोबर. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. हयातभर सुतारकाम केलेला माणूस. अण्णांनी घेतलेलं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं तिचा नवरा लहानपणापासून ऐकत आला होता आणि लग्नानंतर तीही ऐकू लागली होती.

पहिल्या दुकानात केबिनच्या टपावर बसवायची रॅक होती. अण्णा म्हणाले, "टप केवढा, होडी केवढी! दांड्या इतक्या जवळ येतील की होडी तागडीसारखी डुलत राहील." ते खरंच होतं. दुसऱ्या दुकानात मागच्या बंपरखालून बाहेर येणारा लांब दांडा दाखवला. तो अडकवायला गाडीला खाली आकडा लागतो, तो नव्हता. तिसऱ्या दुकानातल्या माणसानं केबिनपेक्षाही उंच, लोखंडी चौकट पुढे केली.

"एवढ्या उंचावर होडी चढवायची कशी?" तिनं विचारलं.

"घरात कोणी पुरुष माणूस असेल की, मॅडम."

"होड्या मी उचलते."

"हो, पण कोणीतरी असेल ना," असं म्हणून तो अण्णांकडे वळला आणि चौकटीचं कौतुक त्यांनाच सांगत सुटला. ती तडक बाहेर पडली.

शेवटी चौथ्या दुकानात हवी तशी मिळाली. हौद्याच्या दोन्ही काठांना क्लॅम्प लावायचे, वर दांड्या. उंची तिच्या खांद्याएवढी. अण्णांनी हौद्याचं माप घेतलं, दुकानदारानं त्याप्रमाणे दांड्या दिल्या. घरी आणून बघते तर एका बाजूचा क्लॅम्प काठापर्यंत पोचेचना. अण्णांनी पुन्हा माप घेऊन दिलं, त्याप्रमाणे बदलून आणल्या. आता त्याही आखूड.

"दुकानदारच लबाड आहे," अण्णा ओट्यावरून म्हणाले. "पडून राहिलेला माल खपवतोय."

तिनं दुकानदाराला फोन लावला आणि मनात साचलेलं सगळं त्याच्यावर ओतलं. तळ्यावर बायका वाट बघतायत, तुमच्यामुळे माझा वर्ग बुडाला, गिऱ्हाइकाला मूर्ख समजता का! तो बिचारा थांबून थांबून म्हणत होता, "मॅडम, तुमच्याकडून आलं त्याच मापाची दिलीय. एकदा परत मोजून बघा."

"मोजा अण्णा," ती फोन तसाच धरून म्हणाली. "आत्ताच्या आत्ता मोजा. ह्याच्या तोंडावर मारू."

अण्णांनी टेप काढली. एका काठाला लावली, दुसऱ्या काठापर्यंत ताणली आणि आकडा सांगितला. तोच, आधीचाच. पण सांगताना त्यांनी मान जरा वाकडी केली होती. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. टेपकडे सरळ बघतच नव्हते.

तिनं पुढे होऊन टेपवर बोट ठेवलं. आकडा वेगळा होता. चांगला वीतभर वेगळा.

"नंतर बोलते," ती फोनमध्ये म्हणाली आणि फोन ठेवला. "अण्णा, इथे काय लिहिलंय?"

ते टेपवरून अंगठा फिरवत राहिले.

"अण्णा!"

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं. ते झाड दिसतं, तू दिसतेस. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं धुरकट होतं. डॉक्टर म्हणाला, वाढू नये म्हणून इलाज आहे, पण गेलेलं परत येईल असं नाही."

"हे घरात कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

तिला त्यांची दया यायला हवी होती. आली ती चीड. "मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले! तुम्ही इथे बसून ऐकत होतात!" मग एकदम दुसरंच सुचलं. "परवा भाजी आणायला गाडी कोणी नेली होती?"

"हळू नेली."

"हळू?"

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का? एखादं पोर आडवं आलं असतं म्हणजे?"

अण्णांनी टेप गुंडाळायला घेतली. ती त्यांच्या हातात अडकत होती. "माप चुकतं म्हणून सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर दुसऱ्या दिवसापासून माझं आणखी काय काय चुकतं ते शोधत बसला असतात सगळे."

ती आणखीच वैतागली. आत जाऊन तिनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. जेवायला बसताना तिनं ताटं आदळतच मांडली. "काय झालंय?" असं नवऱ्यानं विचारलं, तेव्हा तिनं अण्णांकडे पाहिलं. भात चिवडत अण्णांनीच सांगितलं. नवरा आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याचा घास हातातच राहिला.

सकाळी ती दांड्या बदलायला निघाली, तर अण्णा आधीच गाडीत येऊन बसलेले. पण डाव्या सीटवर. दुकानात तिनं माफी मागायला तोंड उघडलं, तोच ते पुढे झाले. "हिचं काही नाही. माप माझं चुकलं. दोन्ही वेळा."

दुकानदार सज्जन निघाला. "होतं हो," म्हणाला आणि लांब दांड्या काढून दिल्या. माप ह्या वेळी तिचं होतं.

रॅक तरी सरळ बसावी की नाही? अण्णांनी हौसेनं एक बोल्ट इतका पिळला की क्लॅम्पवरचं प्लास्टिकचं टोपण तडकलं. मग त्यांनी दांडी धरायची आणि तिनं आवळायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे तिनं सांगितलं आणि ते पुटपुटत तयार झाले. होड्या मात्र तिनं एकटीनं चढवल्या. आधी टोक दांडीवर टेकवायचं, मग मागून ढकलायचं. सहज गेल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. गाडीनं वेग घेतला तसा पट्टा वाऱ्यानं भुंग्यासारखा घुमू लागला. डोकं उठलं. तिनं गाडी कडेला घेतली, उतरून पट्ट्याला एक पीळ दिला, आवाज थांबला. पण अण्णा थांबेनात. "गिअर बदल." "पुढे खड्डा आहे." "इतकी कडेला कशाला घेतेस?"

"अण्णा, तुम्हाला पुढचं दिसत नाही."

"कडेचं दिसतं ना," ते म्हणाले. "म्हणून तर सांगतोय, कडेला जातेयस."

तिनं आरशात पाहिलं. खरंच जात होती. तिनं स्टिअरिंग जरा फिरवलं. तळ्याकडचा उतार लागला तसा अण्णांनी उजवा पाय समोर दाबून धरला, जिथं ब्रेक नव्हता तिथं, आणि तळं येईपर्यंत उचलला नाही.