उलट्या पिसाची माशी

पहिला वेढा

सांडशीच्या तोंडात गळ पकडला, दांड्या सुतळीनं आवळल्या, सांडशी पायरीच्या फटीत रोवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग जगदेव बायकोला म्हणाला, "धर दोरा," आणि भागिरथानं दोरा धरला.

समोर वेताच्या खुर्चीत साहेब बसले होते. चहावर साय धरली तरी त्यांनी कपाला हात लावला नव्हता. त्यांना पाहायचं होतं, तलावाचा चौकीदार गळावर पिसांची माशी बांधतो तरी कशी. आणि चौकीदाराचा उजवा हात चादरीखाली मेल्यासारखा पडला होता.

दुसरा

साहेब म्हणजे धरण खात्याचे इंजिनिअर. महिन्यातून दोनदा जीपनं यायचे, पाहणी अर्ध्या तासात उरकायचे, उरलेला दिवस मरळ माशाच्या मागे. गळाला गांडूळ लावणं त्यांना गावंढळ वाटे. त्यांच्याकडं पत्र्याच्या डबीत विलायती माश्या होत्या, पिसांच्या, केसांच्या, आत गळ लपवलेला. पण तलाव नवा, पाण्याखाली बाभळी तशाच उभ्या. एकेक करून सगळ्या माश्या बाभळींनी खाल्ल्या. शेवटची उरली तेव्हा जगदेवनं ती मागून घेतली, दिवसभर उलटसुलट करून पाहिली, आणि हवाई चपलेचा तुकडा, काळ्या बकरीचे केस, कोंबड्याच्या मानेचं पीस घेऊन तशीच दुसरी बांधली. तिच्यावर अडीच किलोची मरळ आली.

तेव्हापासून जगदेव चौकीदार कमी आणि साहेबांचा माणूस जास्त. शिरपूरच्या एसटीत कंडक्टर त्याला जागा करून देऊ लागला.

तिसरा, चौथा, पाचवा, असे नऊपर्यंत

हे वेढे ती न पाहताही देऊ शकायची.

जगदेवचा हात गेला तो यंदाच्या माघात. सकाळी उठला तर उजवी बाजू जड. पाय आठ दिवसांनी परत आला, हात आलाच नाही. कोणाले सांगू नको, एवढंच तो म्हणाला. लुळ्या हाताच्या चौकीदाराचं नाव हजेरीपटावर राहत नाही, आणि नाव कटलं की क्वार्टर सोडावं लागतं. मग पाट सोडायचं लोखंडी चाक पहाटे भागिरथा फिरवू लागली. दुपारी माश्या बांधू लागली. जगदेव भर उन्हाळ्यातही खांद्यावर चादर घेऊन दारात बसे. साहेबांनी एकदा विचारलं तेव्हा खांद्यात वात आहे म्हणाला. सलाम डाव्या हातानं करी. साहेबांनी त्या हाताकडं कधी पाहिलंच नाही. ते डबीकडं पाहायचे.

दहावा

दोरा पाण्यात फुगतो, सैल पडतो, दुसऱ्या-तिसऱ्या मरळीला पीस निघून येतं. जगदेवच्या माश्यांचं तसंच व्हायचं. भागिरथानं चार-दोन बिघडवल्या आणि एक दिवस फणीत अडकलेला स्वतःचा केस घेतला. केस फुगत नाही. मेण लावून आवळला की बसला तो बसला. पीसही ती मागं झुकतं लावायची, म्हणजे ओढलं की पाण्यात जिवंत झाल्यासारखं हलायचं. जगदेवला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती बांधायला बसली की तो तोंड फिरवून बिडी ओढायचा.

काल एका दांडग्या मरळीनं माशी चावून उकलली. साहेब गळ सोडवायला गेले तर बोटाला हातभर लांब केस गुंडाळला गेला. ते हसले नाहीत. संध्याकाळी मुक्काम ठोकून जगदेवला म्हणाले, "उद्या सकाळी माझ्यासमोर एक बांध. मला शिकायचंय."

इथं दोरा थांबतो

थांबतो, कारण तीच तो थांबवते. एका श्वासापुरता.

तांदळाच्या डब्याखाली तिच्या भावाचं, शेषरावचं अंतर्देशीय पत्र आहे. तो अकोल्याला शाळेत शिपाई. त्यानं कळवलं होतं, इथं बालवाडीत बाई हवी आहे, तू सातवी पास आहेस, भाऊजींनाही घेऊन ये, एक खोली मिळते आहे, फक्त आठ तारखेच्या आत होय-नाही कळव. पत्र तिनं जगदेवला वाचून दाखवलं. साळ्याच्या दारात बसून खाऊ काय, एवढं बोलून तो ताटावरून उठला. पत्र डब्याखाली गेलं.

काल साहेबांच्या बोटावर तो केस दिसला तेव्हा तिचा हात आधी अंबाड्याकडं गेला. आणि त्या भीतीच्या खालून, चोरासारखं, दुसरंच काही वर आलं. आता आपण सुटलो.

घरी येऊन ती म्हणाली होती, "सांगून टाकू ना आपूनच. ते काई फासावर नाई देत."

"सांग," जगदेव म्हणाला. "मंग मी त्या बाभयीतच जाऊन बसतो. पान्याखाली."

तो चिडून बोलला असता तर ती भांडली असती. तो साधंच बोलला, बाजारात जाऊन येतो म्हणावं तसं.

अकरा ते तीस

तर सकाळी त्यानं ही वाट काढली होती. "नजर गेली साहेब, बारीक दिसत नाई. मी सांगतो, हे बांधते. हात तिचे, अक्कल माही." साहेब हं म्हणाले.

बकरीचे केस बसले. चपलेचा तुकडा बसला. भागिरथानं पीस उचललं.

"उलटं लाव," जगदेव म्हणाला.

तिनं मान वर केली. उलटं म्हणजे टोकं पुढं. असं पीस पाण्यात मिटून गळाला चिकटतं, मरळ त्याच्याकडं ढुंकून पाहत नाही. तो मुद्दाम खोटं सांगत नव्हता. त्यानं हे कधी शब्दांत ठेवलंच नव्हतं. सगळं हाताला ठाऊक होतं, आणि तो हात आता चादरीखाली होता.

"काय पाहून राह्यली? उलटं म्हटलं ना."

साहेब पिसाकडं पाहत नव्हते. ते तिच्या अंबाड्याकडं पाहत होते.

सरळ लावलं की झालं. एक पीस सरळ, नवऱ्याचं ऐकायचं सोडून, साहेबांच्या देखत. माश्या कोण बांधतं हे मग वेगळं सांगावं लागणार नव्हतं. आठ तारखेला पाच दिवस होते. बोटांत पीस धरून ती बसली, आणि तिची नजर जगदेवच्या डाव्या हाताकडं गेली. तो गुडघ्यावर ठेवलेला हात बारीक बारीक फिरत होता, हवेत वेढे देत होता, मध्येच चुकत होता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता.

तिनं पीस उलटं लावलं. मग शाळेतल्या पोरीसारखं विचारलं, "आता किती वेढे देऊ?"

"तीस," जगदेव म्हणाला. साहेबांकडं पाहून पुन्हा म्हणाला, "तीस म्हंजे तीस."

गाठ

साहेबांनी ती माशी तळव्यावर फिरवून पाहिली, डबीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि एकदाही पाण्यात टाकली नाही. दुपारी निघताना जगदेव फाटक उघडायला पुढं गेला. तेवढ्यात साहेबांनी नव्या गळांची पुडी भागिरथाच्या हातावर ठेवली.

"दोन डझन करा, बाई. आधीच्यासारख्या. आजच्यासारख्या नकोत."

तिनं पुडी कमरेला खोचली.

"मी कुठं बोलणार नाही. मी या जागेवर आहे तोवर तुमच्या क्वार्टरला कुणी हात लावत नाही, समजलं?" आवाजात खरंच माया होती. तिनं हात जोडले. जोडल्यावर म्हणाली, "साहेब, माहा भाऊ अकोल्याले..."

साहेब फाटकाकडं पाहत होते. जगदेव आडवा लोखंडी दांडा डाव्या हातानं आणि खांद्यानं उचलत होता, मान ताठ ठेवून, लग्नातल्या मानकऱ्यासारखा.

"बघा, किती खूश आहे," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

तीस, एकोणतीस, अठ्ठावीस

आता जगदेव तोंड फिरवून बसत नाही. रोज दुपारी पुढ्यात येऊन बसतो. बोलतो, सांगतो, चुका काढतो. "पाह्यलं? बाकीच्या एका कप्प्यात अन् माही येगळी ठिवली साहेबानं." हात गेल्यापासून इतकं तो कधी बोलला नव्हता. तिला एक माशी त्याच्या देखरेखीखाली बांधावी लागते, पीस उलटं, दोऱ्याचे तीस वेढे, तो मोजतो. मग चादर सावरून बांधावर फेरी मारायला जातो.

तो गेला की ती ब्लेडनं गाठ कापते. गळ मोजके आहेत, वाया घालवता येत नाहीत. दोरा उलटा सोडत जाते आणि सुटलेला दोरा शेषरावच्या पत्राच्या घडीवर गुंडाळते, कारण रिकामं रीळ घरात नाही. आठ तारीख होऊन गेली. गळ उघडा झाला की फणी घेते, केसांतून फिरवते, एक लांब केस मेणातून ओढते, आणि पीस सरळ लावून तीच माशी पुन्हा बांधते.

आज सत्तावीसवर आली तेव्हा दाराबाहेर जगदेव खोकला. तिनं हात पदराखाली घेतला आणि बसून राहिली. खोकला बांधाच्या दिशेनं लांब गेला.

सव्वीस.