दुसऱ्या खोलीतली आपोआप उमटणारी अक्षरं

दुसऱ्या खोलीच्या दारात इतकी गर्दी होती की मला माझ्याच ऑफिसात वाट मागावी लागली. चौदा बाया, दोन शिपाई, आणि खालच्या मजल्यावरचा शिंपीसुद्धा हातातलं काम टाकून आलेला. सगळे एका पडद्याकडे टक लावून होते. तिथे टाइप करणाऱ्या चष्मेवालीने हॉस्पिटलचा एक फॉर्म पडद्यासमोर धरला, त्याचा नंबर टाइप केला आणि हात मांडीवर ठेवले. नाव उमटलं. वय उमटलं. रक्तगट, पत्ता, जुने आजार, सगळं आपोआप!

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं. शिंप्याने तर कात्रीसकट हात जोडले.

मी तेवीस वर्षं या कामात आहे. हॉस्पिटलांचे हाताने लिहिलेले फॉर्म आम्ही कॉम्प्युटरात भरतो. पहिल्या खोलीतल्या बाया एकदा टाइप करतात. दुसऱ्या खोलीतल्या तोच कागद, पहिलीने काय भरलंय ते न बघता, पुन्हा टाइप करतात. दोन्ही जुळलं तर माहिती साठवली जाते, नाही जुळलं तर कागद तिसऱ्या खोलीत येतो. तिसरी खोली म्हणजे मी. हजार फॉर्मांमागे तीस-पस्तीस कागद माझ्याकडे यायचेच. माणसाची बोटं ती, चुकणारच की.

मग साहेबांनी कुठूनसा एक लहरीगुरू, म्हणजे मनाच्या लहरींनी सगळं दुरुस्त करतो म्हणणारा बाबा, धरून आणला. कोटबीट घातलेला, बोलणं गुळगुळीत. मोठ्या कॉम्प्युटरवर त्याने तांब्याची पट्टी चिकटवली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "चूक कागदात नसते, बटणात नसते. चूक असते मनाच्या कंपनात! तांबं ती कंपनं शोषून घेतं. यंत्र शांत झालं की कागद स्वतः त्याच्याशी बोलायला लागतो."

"कागदाला बोलता येत असतं तर इतकी वर्षं माझ्या टेबलावर गप्प कशाला बसला असता?" मी म्हणाले.

तीन आठवड्यांत अकरा हजार फॉर्म झाले आणि माझ्याकडे एकही कागद आला नाही. साहेब हवेतच होते. "मावशी, शून्य चुका! उद्या शनिवारी सगळे कागद लगद्याच्या गिरणीत जातील. तुम्हीही आता आराम करा." आराम म्हणजे काय ते मला कळत होतं. पण खरं सांगते, भांडायचंही त्राण नव्हतं.

चष्मेवालीला मी बाजूला घेऊन म्हटलं, "बाई गं, तुला हे खरं वाटतं?"

तिने मनगटं पुढे केली. "ही दुखायची थांबलीत, मावशी. घरी गेल्यावर लेकराला उचलून घेता येतं मला. तुम्हाला का बघवत नाही?"

मनगटं माझीही दुखतात. मी कागदांच्या खोलीत जाऊन बसले आणि उगाच गठ्ठे चाळू लागले. तिसऱ्या गठ्ठ्यात माझंच अक्षर दिसलं. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा फॉर्म! हॉस्पिटलात त्यांचा हात कापत होता म्हणून मीच तो भरला होता. मागे एका इंजेक्शनने त्यांचा श्वास कोंडला होता, मरता मरता वाचल्या. 'औषधाचं वावडं' यापुढे मी ठळक लिहिलं होतं, 'आहे'. पडद्यावर उघडून बघितलं तर 'नाही'.

सोमवारी त्यांचं ऑपरेशन होतं.

'आहे' असेल तर एक दाबायचं, 'नाही' असेल तर दोन. बटणं शेजारी शेजारी, पहिल्या खोलीत कुणाचं तरी बोट घसरलेलं. आणि 'नाही' म्हटलं की औषधाच्या नावाचा रकाना यंत्र बंदच करून टाकतं. वय दोनशे चाळीस टाकलंत तर यंत्र लगेच अडवतं, पण 'आहे'च्या जागी 'नाही' टाकलं तर ते मुकाट्याने घेतं, कारण त्याला दोन्ही उत्तरं चालतात. ती चूक पकडायला कागद वाचणारा दुसरा माणूसच लागतो.

वॉर्डात फोन केला. नर्स म्हणाली, "तोंडी नाही बदलता येत हो. मूळ कागद आणा." तो मी पर्समध्ये घातला. जाऊबाईंना निदान मी होते. बाकीच्या अकरा हजारांना कोण होतं? आणि त्यांचे कागद उद्या गिरणीत जाणार होते.

दुपारी गुरू आला तेव्हा मी पहिल्या खोलीत बसून कॉम्प्युटरात एक खोटा फॉर्म भरून आले होते. मग एक कोरा कागद घेतला, वर फक्त त्या फॉर्मचा नंबर लिहिला आणि सगळ्यांदेखत चष्मेवालीच्या हातात दिला. "धर पडद्यापुढे. बघू हा काय बोलतो."

तिने नंबर टाकला. अक्षरं भराभर उमटली. तिने वाचायला सुरुवात केली आणि अडखळली. "नाव... तांब्याची पट्टी. वय नव्वद. धंदा लहरी विकणे. जुना आजार... थापा मारण्याची खोड."

शिंपी खो खो हसला. गुरू म्हणाला, "अश्रद्ध हाताचा स्पर्श झाला की कंपनं..."

"कागद कोरा आहे, गुरुजी. मग हे सगळं बोललं कोण?"

तो दाराकडे सरकू लागला. मी साहेबांना यंत्राची रोजनिशी उघडायला लावली. कुणी, कधी, काय बदललं, हे यंत्र स्वतः लिहून ठेवतं. पट्टी लावली त्या दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, साहेबांच्याच पासवर्डने एक बदल झाला होता: दुसऱ्या नोंदीत पहिलीची नक्कल आपोआप भरावी.

साहेबांचं तोंड उतरलं. "तेव्हा हा दार लावून शुद्धी करत होता. म्हणाला, यंत्राला तुमचा गुप्त शब्द अर्पण करा. मी केला."

पहिलीची चूक पहिलीशीच ताडून बघितली तर जुळणारच! गुरू कधी सटकला ते कळलंसुद्धा नाही. पट्टी मात्र राहिली.

ती नक्कल बंद केली, गिरणीचा टेम्पो परत पाठवला. दुसरी खोली पुन्हा पहिल्या फॉर्मपासून बसली. चष्मेवाली माझ्याकडे आली, डोळे भरलेले. "मावशी, तुमच्या जाऊबाईंचा फॉर्म माझ्यासमोर होता हो. मी वाचलाच नाही. नुसतं 'ठीक' दाबलं."

मी चांगली झापणार होते तिला. तिची मनगटं दिसली आणि राग गेला. पर्समधला कागद काढून तिला दिला. "आता वाच."

तिने वाचलं आणि एक दाबलं. कागद घेऊन मी तशीच हॉस्पिटलात गेले. सोमवारी डॉक्टरांनी दुसरं औषध वापरलं. जाऊबाई घरी आल्यात आणि कुरकुरताहेत, म्हणजे बऱ्या आहेत.

अकरा हजारांतून तीनशे बासष्ट कागद माझ्या टेबलावर आले. त्यांत आणखी नऊ जणांचं वावडं 'नाही' झालेलं होतं. म्हणून हात जोडून सांगते, आणि पुन्हा सांगायची ताकद माझ्यात नाही: यंत्र असो की माणूस, कुणी म्हणालं आमच्याकडे चूकच होत नाही, तर पाया पडू नका. कुणी तपासलं ते विचारा, आणि कागद मागून घ्या.