आहेरातले सोळा नंबर

माझ्या लेकीच्या, संयोगिताच्या लग्नात मी व्याह्यांना इंटरनेटचे सोळा नंबर आहेर दिले. लोक हसले. पण घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या माणसाजवळ दुसरं मोलाचं काय असणार? शिरोली एमआयडीसीतल्या त्यांच्या फौंड्रीला स्वतःचे पत्ते मिळाले आणि मांडवात माझी मान ताठ झाली.

हे नंबर म्हणजे इंटरनेटवरचे घरपत्तेच. ते वाटणाऱ्या संस्थेनं मला दोनशे छप्पन्न दिले, तेही एकदाच. जुने पत्ते जगातच संपत आलेत, त्यामुळं लहान कंपनीला पुन्हा वाटा नाही. नवे लांबलचक पत्ते हवे तेवढे मिळतात, पण कित्येक साइटना ते अजून कळत नाहीत. मग मी मोठी गिऱ्हाइकं सांभाळली आणि उरलेल्यात गावं कोंबली. गगनबावड्याच्या चारशे घरांना मिळून एकच नंबर.

परवा दुपारी तिथल्या पूर्णिमाचा फोन आला. डेअरीत राबणाऱ्या बनाबाईंची ही पोर. नर्सिंगच्या प्रवेशअर्जाची मुदत त्या दिवशी पाचपर्यंत होती. सकाळपासून एकाच नंबरवरून शेकडो जण येताहेत म्हटल्यावर साइटनं तो लबाडाचा समजून बंद केला होता. मोबाइलला तिच्याकडं बोलण्यापुरतीच रेंज, इंटरनेट चालत नाही. दोनच्या एसटीनं कोल्हापूरला येऊन अर्ज भरते, म्हणाली.

मी म्हणालो, "नगं येऊस. मी करतो की."

करणं सोपंच होतं. व्याह्यांकडच्या सोळांपैकी चौदा नंबर सहा वर्षं नुसते पडून आहेत. त्यातला एक इकडं वळवायला मला दोन मिनिटं लागली असती, त्यांना कळलंही नसतं. पण लेकीच्या सासरी दिलेलं परत घ्यायचं? आमच्यात आहेरातली वाटीसुद्धा कुणी मागत नाही. मी संस्थेला लिहिलं, तिकडून पुन्हा वाटा नाही हा नियमच आला. मग इतर कंपन्यांकडं उसना नंबर मागितला, कुणी दिला नाही. परक्यांपुढं हात पसरताना मला लाज वाटली नाही, याचाच आता संताप येतो. पूर्णिमाला मात्र दर अर्ध्या तासानं सांगत राहिलो, थांब, होतंय.

पाचला दहा कमी असताना व्याह्यांना फोन लावला. भट्टीच्या आवाजात त्यांना तो ऐकू गेला नाही. तरीही विचारल्याशिवाय माझा हात पुढं झाला नाही. पाच वाजून गेल्यावर त्यांचाच फोन आला. मी अडखळत सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय, पावणं?" उदयसिंह म्हणाले. "आमी ते कुठं वापरतोय? न इचारता काढून घ्यायचं की."

लगेच पूर्णिमाच्या घराला नंबर जोडून दिला. साइट उघडली. मुदत संपल्याची ओळ तिनं मला वाचून दाखवली. मी माफी मागितली.

"तुमी नगं म्हनला तवा मी स्टँडवरच हुते, काका," ती म्हणाली. "यष्टी लागली हुती."