आंदणाचा बंब

कवडूनं बंबाला करवत लावली तेव्हा आनंदाबाई घरी नव्हती. असती तर करवत लागलीच नसती. ती लेकीच्या बाळंतपणासाठी वरठीला गेली होती आणि रुचिकाचं बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत काही आसगावला परतणार नव्हती. तेवढ्या दिवसांत काम उरकेल, असा कवडूचा हिशेब होता.

बंब आनंदाबाईच्या आंदणातला. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला, चांगला जाड तांब्याच्या पत्र्याचा, दोन माणसांनी उचलावा असा. गॅस आला, मग हीटर आला, आणि बंब शेळ्यांच्या कोठ्यात जाऊन बसला. बारा वर्षं तिथंच होता. धुरानं काळा, ओलीनं हिरवा. भांडीवाला दारावर आला की कवडू विचारायचा, "देऊन टाकू का?" आनंदाबाई म्हणायची, "माया बापाचा हाय थो." विषय तिथंच संपायचा.

कवडू जवाहरनगरच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डर होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेली, त्यामुळे सकाळचा चहा झाला की दिवसभर हाताला काम नाही. कुणाच्या दाराची कडी बसवून दे, कुणाच्या सायकलला टाका मार, एवढ्यावर त्याचं समाधान होत नव्हतं.

ही कल्पना त्याला सुचली ती आनंदाबाईच्या गुडघ्यांवरून. पवनीच्या जत्रेतून तिनं गवती चहाच्या तेलाची इवलीशी बाटली आणली होती. रात्री दोन थेंब गुडघ्याला चोळले की तिला झोप लागायची. बाटली संपली तेव्हा ती रिकामी बाटलीच उघडून वास घेत बसली. तिच्याच हातचा गवती चहा मात्र धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या मातीच्या बांधावर, कमरेएवढा माजला होता. डुकरं धानात शिरू नयेत म्हणून तिनं चार वर्षांपूर्वी लावलेला. कवडू तो गवताचा पसारा पाहायचा आणि त्याच्या मनात यायचं, तेल यातूनच तर निघतं. मग काढायला काय लागतं? एक भांडं, एक नळी, जाळ आणि थंड पाणी.

भांडं कोठ्यात होतंच.

त्यानं बंबाच्या मधली निखाऱ्याची नळी कापून काढली, बूड तांब्याच्या पत्र्यानं बंद केलं, वर घट्ट बसणारं झाकण घडवलं. आत गवत ठेवायला भोकांची थाळी बसवली. भंडाऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून जुनी तांब्याची नळी आणली, बोटाएवढी जाड, आणि ती खांबाभोवती गुंडाळून सात वेढ्यांचं वेटोळं केलं. वेटोळं प्लास्टिकच्या ड्रमातल्या थंड पाण्यात ठेवायचं, एक टोक बंबाच्या झाकणाला, दुसरं बाटलीत. वाफ जाणार, थंड होणार, तेल टपकणार.

काम करताना तो इतका खूश होता, की आपण कुणाला काय दिसतोय याचा विचारच त्याच्या डोक्यात आला नाही. बायको घरी नाही, माणूस मोटरसायकलला तांब्याची नळी बांधून आणतो, दार लावून दिवसभर ठोकाठोक करतो. शेजारच्या चंदानं कुडाच्या फटीतून पाहिलं आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं, की कवडूनं भट्टी लावली.

आसगावात दारूबंदीची समिती होती आणि तिची प्रमुख गोदावरीबाई. सत्तरीची, उंच, आवाज असा की तळ्याच्या पाळीवर बोलली तर पलीकडच्या बांधीतली बाई मान वर करायची. नात्यानं ती कवडूची चुलत वहिनी. पाच वर्षांत तिनं गावातल्या तीन भट्ट्या फोडल्या होत्या.

बुधवारी सकाळी कवडूनं पहिल्यांदा जाळ पेटवला. बंबात पाणी, थाळीवर गवत, झाकणाच्या सांध्याला भिजवलेल्या पिठाचा लेप. तासाभरानं नळीतून थेंब पडू लागले, बाटलीत बोटभर पाणी साचलं आणि नेमकं तेव्हाच फाटक धाडकन उघडलं. पुढं गोदावरीबाई, मागं पंधरा-सोळा बायका. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात मुसळ. चंदा सगळ्यांच्या मागं, पदराआड.

"कवडूभाऊ," गोदावरीबाई म्हणाली, "बायको लेकीकडे गेली का असे धंदे सुचतेत तुमाले?"

"वयनी, हे थे नोहे."

"मंग काय होय? जाळ हाय, नळी हाय, बाटली हाय. आमाले लहान लेकरं समजता का?"

"तेल काढून राहिलो वयनी. गवती चहाचं."

मागून एक बाई हसली. "तेल म्हणते! तेलाले घानी लागते."

तीस वर्षांत साहेबासमोर कधी कवडूची जीभ अडखळली नव्हती, ती आता अडखळली. त्यानं बाटली उचलली आणि गोदावरीबाईपुढं धरली. "तुमीच पाहा. वास घ्या."

गोदावरीबाईनं काठी बगलेत धरली, बाटली नाकाजवळ नेली. तिनं एकदा वास घेतला, मग पुन्हा घेतला. भुवया वर गेल्या. "दारू नाई हे," ती म्हणाली. बायकांत कुजबूज झाली. पण ती पुढं म्हणाली, "पन तेलही नाई. जुना पैसा तोंडात धरावा तसा वास येऊन राहिला. अन् रंग पाहा याचा."

कवडूनं बाटली उजेडात धरली. पाण्यावर तवंग होता खरा, पण शेवाळासारखा हिरवा. तेल पिवळं यायला हवं होतं. त्याचा चेहरा पडला.

"भांडं कायनं घासलं?" गोदावरीबाईनं विचारलं.

"तारेच्या ब्रशनं. मंग सँडपेपर मारला."

"लोखंडावानी?" ती अशी ओरडली, की दोन बायका मागं सरकल्या. "तांब्याले तार मारते का कोनी? अन् बाहेरून? बाहेरून तं हात नाई लावला. अन् ह्या नळीच्या आतून?"

"आतून पानी सोडलं होतं."

"पानी सोडलं होतं म्हणे!" तिनं काठी कुडाला टेकवून ठेवली, पदर खोचला आणि मागं वळली. "चंदे, तू बातमी आनली नं? आता चिंचही तूच आन. पायलीभर. अन् तुमच्यापैकी कोनाघरी आंबट ताक हाय?"

भट्टी फोडायला आलेल्या बायका अशा भांडी घासायला बसल्या. जाळ विझवला, बंब निवू दिला, उलटा करून तणसाच्या पेंढीवर ठेवला. चिंच गरम पाण्यात कोळली, तिच्यात मीठ टाकलं. कुणी चुलीतली राख चाळून आणली, कुणी वाळलेल्या दोडक्याच्या जाळ्या आणल्या. बायका बंबाभोवती गोल बसल्या आणि बघता बघता काळ्या पाण्याचे ओहोळ अंगणातून वाहू लागले. बोलणं सुरू झालं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या हलक्या धानाच्या कापणीचं, मग पुन्हा कवडूचं. कवडू पाणी शेंदून देत होता आणि सगळ्यांच्या थट्टा ऐकून घेत होता. त्याला काही वाईट वाटत नव्हतं. त्याच्या अंगणात कित्येक महिन्यांत एवढी माणसं बसली नव्हती.

काळ्याखालून आधी तपकिरी निघालं, मग लाल, मग ऊन पडल्यावर डोळे दिपावेत असं गुलाबी-लाल. कवडू पाहत राहिला. तीस वर्षं धातूत काढली, पण तांब्याला हात लावण्याआधी ते कसं असतं, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

अडचण होती ती वेटोळ्याची. सात वेढ्यांच्या आत ना बोट जाई, ना काडी. कवडू म्हणाला, "क्लचची तार घालून पाहू का?" गोदावरीबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं तार पुन्हा खिशात ठेवली.

"अरुंद तोंडाची बाटली कशी धुते आपुन?" तिनं बायकांना विचारलं.

"तांदूळ टाकून हलवतो," तिघी एकदम म्हणाल्या.

मग तुटक्या तांदळाची कणकी आली. नळीत चिंचेचं पाणी आणि मूठभर कणकी ओतली, दोन्ही टोकांना चिंध्यांचे बोळे बसवले. एका बाजूनं गोदावरीबाईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं चंदानं, आणि पाळणा हलवावा तसं वेटोळं हलू लागलं. आतून कणकी खळखळ वाजायची. तो आवाज असा ठेक्यात यायला लागला, की एकीनं टाळी धरली, दुसरीनं नातवाच्या बारशाला म्हणतात तसं काहीबाही जोडून गायला सुरुवात केली, त्यात कवडूचं नाव घातलं, आणि अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. गोदावरीबाई दमली तेव्हा तिनं आपलं टोक कवडूच्या हातात दिलं. "नाचा आता. भट्टी तुमची हाय." कवडू नाचला. साठी उलटलेला माणूस, हातात तांब्याची नळी, समोर चंदा हसू आवरत नाही, आणि तो ठेक्यावर पाय टाकतोय. पहिलं पाणी हिरवंगार निघालं. दुसरं फिकट. चौथं निघालं ते जसं ओतलं तसंच.

"अवं, हे काय लिवलं हाय?" बंबाजवळची बाई म्हणाली.

कड्याच्या खाली, काजळी गेल्यावर, टोचून कोरलेली अक्षरं वर आली होती. चंदानं वाकून मोठ्यानं वाचलं, "चि. सौ. कां. आनंदा हिस, वडील जागेश्वर यांजकडून." खाली साल, १९८९.

सगळ्या कवडूकडं पाहू लागल्या.

"आनंदाचा आंदणाचा बंब कापला तुमी?" गोदावरीबाईनं हळू आवाजात विचारलं, आणि तिचा हळू आवाज कवडूनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "विचारून?"

तेवढ्यात फाटकाबाहेर मोटरसायकल थांबली. जावई चंद्रकुमार गाडीवर होता आणि मागून पिशवी सावरत आनंदाबाई उतरत होती. चंदानं कालच फोन केला होता, की काकानं भट्टी लावली.

आनंदाबाई आत आली. अंगणात ओल्या हातांच्या पंधरा बायका, मध्ये नळी धरून उभा नवरा, आणि उन्हात लखलखणारा तिचा बंब. ती त्याच्याजवळ गेली. कापलेल्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. मग अक्षरांवरून फिरवलं.

"आनंदा," कवडू म्हणाला, "तुले विचारायचं होतं. पन तू नाई म्हनली असती. तुया गुडघ्यासाठी तेल काढावं म्हणून... चुकलं मायं."

ती वळली नाही. "बाबानं हा बंब भंडाऱ्याहून बैलबंडीत आनला होता," ती म्हणाली. "चकचकीत. रस्त्यानं लोकं पाहत होते म्हणे. मी बारा वर्षं याले शेळ्यांत ठेवलं." मग ती खाली बसली, परातीतला चिंचेचा चोथा उचलला आणि कड्याच्या मागचा कोपरा घासू लागली. "येथी राहिलं. एवढ्या बायका, अन् कोनाले दिसलं नाई?"

गोदावरीबाई आधी हसली, मग सगळं अंगण.

"तेल नाई निघालं तं पाहा मंग," आनंदाबाई नवऱ्याला म्हणाली, पण तिचे डोळे ओले होते आणि ओठांवर हसू होतं. "तुमालेच बसवतो यात."

दुपारी पुन्हा जाळ पेटला. नवं गवत आनंदाबाईनं स्वतः निवडलं. सकाळपासून सुकलेलं, बारीक चिरलेलं. पिठाचा लेपही तिनंच दिला, कवडूचा जाड होतो म्हणून. चंद्रकुमार ड्रमातलं पाणी बदलत राहिला. एकही बाई घरी गेली नाही. कुणी चहा टाकला, कुणी मुरमुरे आणले.

मग थेंब आले. आधी पाणी, आणि पाण्यावर हळूहळू जमत गेलेला पिवळा, स्वच्छ थर. वास अंगणभर पसरला, तिखट, गोड, लिंबासारखा. गोदावरीबाईनं बाटली नाकाला लावली आणि डोळे मिटले.

"हाव," ती म्हणाली. "हे तेल होय."

औषधाच्या दोन झाकणांएवढंच निघालं. कवडूला वाटलं, बायको ते जपून आत ठेवेल. तिनं काडीनं एक-एक थेंब प्रत्येकीच्या तळहातावर ठेवला. चंदानं हात पुढं करायला जरा वेळ लावला, तेव्हा आनंदाबाईनं तो ओढून घेऊन दोन थेंब ठेवले. "फोन केला म्हणून आलो बाई मी. नाईतर हे सारं चुकलं असतं."

बायका काठ्या-मुसळं खांद्यावर टाकून, तळहात हुंगत निघाल्या. गोदावरीबाई फाटकातून परत फिरली. "कवडूभाऊ, तुळशीचं निघते का यात? अन् वाळ्याचं?"

"निघन वयनी. सारं निघन."

"मंग मी वाळा आनतो सोमवारी. पन घासाले मले बोलवाल. तुमच्या हाती ब्रश नको."

ती गेल्यावर आनंदाबाई ओट्यावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पाय लांब केले. कवडूनं बाटलीत उरलेले थेंब हातावर घेतले, चोळून गरम केले आणि तिच्या पायाशी बसला. जावई समोर होता म्हणून ती जरा लाजली, पण पाय मागं घेतला नाही.

"रुचिकाचं लेकरू कसं हाय?" त्यानं विचारलं.

"तुमच्यावर गेलं. हातात येईन थे ओढते." तिनं डोळे मिटले. "जरा जोरानं चोळा जी. अन् उद्या सकाळीच धुऱ्यावर जा. सारं गवत नका कापू. बुडापासून चार बोटं ठेवा, मंग पुन्हा फुटते."

कवडू मान हलवत राहिला आणि चोळत राहिला.